म्हाताऱ्या लॅब्राडॉरची मालिश: तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

प्रश्न ग्वाल्हेरच्या लष्करमधून आला आहे, दौलतगंजमधल्या एका ताईंचा. घरचा लॅब्राडॉर दहा वर्षांचा, वजन ४२ किलो. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की सकाळी उठताना त्याचे मागचे पाय आखडतात. दोन-चार पावलं लंगडतो, मग सुरू होतो. सासूबाई म्हणतात, तान्ह्या बाळाला लावतो तसं मोहरीचं तेल कोमट करून पायांना चोळा. मुलाने मोबाइलवर मसाजचे व्हिडिओ पाहिलेत. तो खुब्यावर अंगठे रोवून दाबतो आणि कुत्रा उठून तख्ताखाली जाऊन बसतो. ताईंनी विचारलंय, दोघांपैकी बरोबर कोण, आणि घरी मालिश करावी की नाही?

ताई, मालिश जरूर करा. पण तेल नको, सांध्यावर दाब नको, आणि सुरुवात मागच्या पायांपासून तर मुळीच नको. सुरुवात खांद्यांपासून करा.

हे ऐकून बहुतेक जण माझ्याकडे बघतच राहतात. दुखतंय मागे आणि डॉक्टरीणबाई पुढे हात लावायला सांगतात! कारण असं आहे. निरोगी कुत्रासुद्धा शरीराचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर घेतो. मागचे पाय दुखायला लागले की तो आणखी पुढे झुकतो. मान खाली, पाठ किंचित वर, पुढचे पंजे रुंद टेकलेले. तुमचा कुत्रा उभा असताना बाजूने बघा, हेच दिसेल. त्यातून कुत्र्याला आपल्यासारखं गळ्याखालचं आडवं हाड नसतं, असलंच तर नावापुरतं. पुढचा पाय धडाला एकाही हाडाच्या सांध्याने जोडलेला नसतो, तो नुसत्या स्नायूंवर टांगलेला असतो. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकताना हे प्रत्यक्ष दिसतं: खांद्याचे स्नायू सोडवले की एकही सांधा न उघडता अख्खा पाय वेगळा होतो. म्हणजे मागच्या पायांनी टाळलेलं सगळं ओझं दिवसभर हे खांद्याचे, मानेचे आणि छातीचे स्नायू पेलतात. ते दगडासारखे होतात. खुबा तुम्ही बोटांनी बरा करू शकत नाही, हे स्नायू मात्र सैल करू शकता. कुत्र्याला खरा आराम तिथे मिळतो, आणि तिथे सहसा दुखत नसल्यामुळे तो हात लावूही देतो.

मालिशीआधी एक काम मात्र उरकून घ्या. पाय का आखडतात ते पशुवैद्याकडून एकदा नीट तपासून घ्या. या वयाच्या लॅब्राडॉरमध्ये बहुधा खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात निघतो. थोडं चालल्यावर मोकळं होणं ही त्याचीच खूण. पण मणक्याची चकती सरकली असेल, गुडघ्यातला अस्थिबंध तुटला असेल, हाडात गाठ असेल, तर घरी दाबदाबी करून नुकसान होईल. एक्स-रे काढायला सांगितला तर टाळू नका. वेदनाशामक औषध लागलं तर ते मालिशीसोबत चालतं, मालिश त्याच्या जागी चालत नाही. आणि घरातली माणसांची गोळी, मग ती आयबुप्रोफेन असो की पॅरासिटामॉल, आपल्या मनाने अर्धीसुद्धा देऊ नका.

आता तेल. सासूबाईंना राग येऊ नये म्हणून कारणासकट सांगते. आपण अंगाला तेल लावतो ते मुख्यतः हात घसरावा, कातडी ओढली जाऊ नये म्हणून. कुत्र्याच्या अंगावर केस आहेत, ते काम केसच करतात. लॅब्राडॉरच्या अंगावर तर केसांचे दोन थर असतात आणि वरचा मुळातच तेलकट. वरून ओतलेलं तेल कातडीपर्यंत जेमतेम पोहोचतं, बाकीचं केसांत बसून धूळ धरतं. उरलेलं कुत्रा चाटून पोटात घालतो, मग जुलाब. मोहरीचं तेल कातडीला झोंबतं, आणि कुत्र्याची कातडी माणसापेक्षा बरीच पातळ असते. वर ते काढायला जानेवारीत आंघोळ घालावी लागते, म्हणजे ज्या थंडीतून सुटका हवी होती तीच पुन्हा गळ्यात.

झोंबणाऱ्या तेलावर निदान उपाय आहे. कापूर, पुदिन्याचं सत्त्व, विंटरग्रीन किंवा टी ट्री तेल असलेली वाततेलं आणि कंबरदुखीची मलमं मात्र कुत्र्याला खरोखर विषारी ठरू शकतात. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जेलचं तसंच. औषध दिलेल्या जनावरांचं मेल्यावर मांस खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये आपल्याकडे बंद झालं, पण माणसांच्या जेलमध्ये ते अजून आहे. कुत्र्याने चाटलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर जातं. घरात कोणी स्वतःच्या गुडघ्याला असं जेल लावत असेल, तर तोच हात कुत्र्याला लावण्याआधी साबणाने धुवावा. चाटायची सवय असलेल्या कुत्र्याला तो गुडघाही चाटू देऊ नये.

सासूबाईंच्या सांगण्यातली एक गोष्ट मात्र शंभर टक्के बरोबर आहे: ऊब. ग्वाल्हेरच्या जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास येतो, जुन्या वाड्यांतल्या दगडी फरशा बर्फ होतात. थंड स्नायूला मळणं म्हणजे त्रासच. मालिशीआधी गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून पाठीच्या खालच्या भागावर आणि मांडीवर दहा मिनिटं ठेवा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे आरामात सोसली तरच ठेवा. म्हातारा कुत्रा चटका बसला तरी पटकन उठू शकत नाही, म्हणून पिशवी ठेवून स्वयंपाकघरात निघून जायचं नाही. पाय सुजून गरम लागत असेल किंवा आजच मार लागला असेल तर शेक नको. हिवाळ्यात सगळ्यात सोपं म्हणजे दुपारी गच्चीवर दरी, म्हणजे सतरंजी, टाकून उन्हात. जिना चढता येत नसेल तर अंगणात. उन्हाळ्यात उलटं: मेमध्ये इथे ४५ अंश होतं, तेव्हा संध्याकाळी उशिरा किंवा कूलरसमोर. कुत्रा जोरजोरात धापा टाकत असेल तर त्या दिवशी राहू द्या.

वेळ जेवणानंतरची नको. मोठ्या छातीच्या कुत्र्यांमध्ये भरल्या पोटी पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जिवावरचा असतो. जेवण आणि मालिश यांत दोन तास जाऊ द्या. फिरवून आणल्यावर, शी-शू झाल्यावर, तो आपणहून आडवा होतो ती वेळ बरी.

तो ज्या कुशीवर पडेल त्या कुशीवर पडू द्या. दुसऱ्या बाजूची मालिश व्हायला हवी म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याला धरून पालथा-उताणा करू नका. वरची बाजू आज, खालची उद्या. तुम्ही त्याच्या पाठीशी बसा, तोंडासमोर नको. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, नखं कापलेली असू द्यात. एक हात खांद्यावर नुसता ठेवा. हलवू नका. मिनिटभर त्याचा श्वास हाताखाली जाणवू द्या. झोपलेल्या, निवांत कुत्र्याचा श्वास मिनिटाला तीसच्या आत असतो. रोज त्याच्याहून जास्त भरत असेल तर मालिशीचं राहू द्या, हृदय तपासून घ्या.

मग मानेच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत, केसांच्या दिशेने, सपाट तळव्याने सावकाश हात फिरवा. तीन-चार वेळा. ही फेरी तुमच्यासाठी आहे. कुठे गरम लागतंय, कुठे कडक, कुठे कातडी थरथरते, कुठे तो डोकं वळवून बघतो, ते लक्षात ठेवा. पुरणपोळी लाटताना लाटण्यावर जेवढा भार देतो, पुरण बाहेर येऊ नये एवढाच, त्याहून जास्त भार पहिल्या आठवड्यात द्यायचा नाही. व्हिडिओमध्ये जोर दिसतो कारण तो कॅमेऱ्यात दिसतो. कुत्र्याला गती जास्त कळते. भराभर चोळलं की तो चेकाळतो, संथ हाताने सैलावतो.

आता खांदा. खांद्याचं त्रिकोणी पातळ हाड कातडीखाली हाताला लागेल. त्याच्या पुढे, मानेकडे, एक जाड पट्टा आहे. त्याच्या मागे, कोपराच्या वर, तळहाताएवढा रुंद मांसल भाग आहे. हे दोन्ही पूर्ण पंजात हलकेच धरा, किंचित उचला, दोन श्वास थांबा, सोडा. मग थोडं पुढे सरका. बोटांची टोकं रोवायची नाहीत, सगळा तळवा वापरायचा. हाडाच्या कडेने बोटांच्या पेरांनी लहान गोल फिरवा, हाडावर नको. गळ्याच्या पुढच्या बाजूला हात न्यायचा नाही, तिथे श्वासनलिका आहे. मालिशीचा निम्मा वेळ मी इथेच घालवते. कडक गाठीसारखा भाग लागला तर त्याच्याशी भांडू नका, तळवा ठेवून थांबा. ऊब आणि स्थिर भार यांनी तो पुष्कळदा आपोआप ढिला होतो. नाही झाला तर उद्या.

पुढे पाठ. कण्याच्या दोन्ही बाजूंना लांब स्नायू आहेत, मणक्यांच्या टोकांपासून दोन बोटं बाजूला. त्यांच्यावर लहान गोल फिरवत मागे मागे जा. मणक्यांवर कधीच दाबायचं नाही. कमरेजवळ बऱ्याच म्हाताऱ्या कुत्र्यांची कातडी लहरीसारखी थरथरते. एकदा झाली तर काही नाही. प्रत्येक वेळी तिथेच होत असेल तर ती दुखरी जागा आहे, तिच्यावरून नुसता हात फिरवून पुढे जा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

मागचे पाय सगळ्यात शेवटी. तुमच्या मुलाने खुब्यावर अंगठे दाबले, तिथेच कुत्र्याचं बिनसलं. खुबा हा खोल सांधा आहे, वरून दाबून आत काही सरळ होत नसतं, फक्त सुजलेला भाग दुखतो. सांध्याला वळसा घाला. मांडीचा पुढचा आणि मागचा स्नायू तळव्यात धरून गुडघ्याकडून वर खुब्याकडे हलके मळत जा, दोन-तीन फेऱ्या पुरेत. याच वेळी दोन्ही मांड्यांची जाडी हाताने तोलून बघा. एक मांडी बारीक लागत असेल तर त्या पायावर तो भार देत नाहीये. पाय धरून सायकलसारखा फिरवायचा व्यायाम व्हिडिओत दाखवतात, तो पशुवैद्याने तुमच्याच कुत्र्यावर करून दाखवल्याशिवाय करू नका. पंजे त्याने दिले तर घ्या. बहुतेक कुत्र्यांना पंजांना हात लावलेला आवडत नाही, त्यात हट्ट धरण्यासारखं काही नाही.

सुरुवातीचे काही दिवस एकूण चार-पाच मिनिटं बस. पुढे दहा-पंधरा. त्याहून लांबवून फायदा नाही.

मधून मधून हात उचला आणि थांबा. तो सरकून जवळ आला, नाकाने हात ढोसला, किंवा तसाच पसरून पडला, तर पुढे चालू. ओठ चाटले, भूक-झोप नसताना जांभई दिली, मान वळवली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, अंग ताठ झालं, तर झालं आजचं. आणि उठून तख्ताखाली गेला, म्हणजे त्याने स्वच्छ नाही म्हटलं. तिथून ओढून काढून उरलेली मालिश पुरी करायची नाही. आपल्याकडे लाडाच्या कुत्र्याने नकार द्यावा हेच पुष्कळांना सहन होत नाही. गुरगुरला तर रागावू नका. ज्या कुत्र्याचं गुरगुरणं मार देऊन बंद केलेलं असतं, तो पुढे न सांगता चावतो. घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. मुलाने मालिश करायला हरकत नाही, पण घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं, निदान कुत्रा आपणहून त्याच्याजवळ येऊन आडवा होईपर्यंत.

काही दिवस मालिश नकोच. ताप असेल तेव्हा नको. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१-१०२ फॅरनहाइट असतं, म्हणून आपल्या हाताला तो कायमच कोमट लागतो. हाताने ताप ठरवू नका, गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा. उघडी जखम, खरूज, गजकर्णाचे गोल चट्टे असतील तर त्या जागा वगळा, गजकर्ण तर तुम्हालाही होईल. नवीन गाठ लागली तर ती दाबून, चोळून बघू नका, काही गाठी चोळल्याने चिडतात. जागा लक्षात ठेवा आणि दाखवा. पोट कधीच दाबायचं नाही.

आणि गोचीड, आपल्याकडची किलनी. पावसाळ्यापासून पुढे ग्वाल्हेरच्या घरांत भिंतींच्या फटींतून ती निघतच राहते. कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीखाली मालिशीत हाताला लागेल. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, बोटांनी चिरडू नका, आगपेटीची काडी लावू नका. गोचिडीच्या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. अशा कुत्र्याला दाबलं की कातडीखाली रक्त साकळतं. पोटावर किंवा हिरड्यांवर लालसर-जांभळे ठिपके दिसले तर मालिश थांबवून रक्त तपासा.

एवढं करूनही पाय आखडतच राहतील, जर फरशी आणि वजन तेच राहिलं. गुळगुळीत टाइल्सवर म्हातारा कुत्रा उठताना मागचे पाय फाकतात, तो ते सावरायला रोज कमरेचे स्नायू ताणतो. तो जिथे झोपतो तिथपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत दरीच्या पट्ट्या टाका, खाली न सरकणारी जाळी घाला. पंज्यांतले वाढलेले केस आणि नखं कापा. झोपायला फरशीवर पोतं नको, जुनी रजाई तीन-चार घड्या करून द्या.

वजनावर मला जास्त बोलायचं आहे, कारण ते कोणालाच ऐकायचं नसतं. प्रौढ नर लॅब्राडॉर साधारण २९ ते ३६ किलोचा असावा. तुमचा ४२. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांवर जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोड्यांतल्या एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं होतं. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्या सांधेदुखीला उपचाराची गरज उशिरा पडली. मालिशीने एवढा फरक पडतो असं मी कधीच म्हणणार नाही. बरगड्या तपासणं सोपं आहे: पाठीवर हात फिरवता त्याच हाताने बाजूला खाली उतरा. हलक्या स्पर्शाला बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर तूप लावलेली पोळी बंद. घरातला प्रत्येक जण ‘मी तर फक्त एकच तुकडा देतो’ म्हणतो, आणि दौलतगंजच्या एकत्र कुटुंबात ते तुकडे मिळून एक ताट होतं. दिवसाचं खाणं सकाळीच एका डब्यात काढून ठेवा, ज्याला द्यायचं त्याने त्या डब्यातूनच द्यावं. डबा रिकामा झाला की संपलं. एकदम निम्मं करू नका, किती कमी करायचं ते वजन करून डॉक्टरांशी ठरवा.

सासूबाईंना शेक आणि खांद्यावरचा स्थिर हात द्या, त्यांच्या हाताला संथपणा आहे असं तुमच्या प्रश्नावरूनच वाटतं. मुलाला मांडीची जाडी, गाठी, गोचीड, वजन यांची वही द्या, त्याला शोधायची आवड दिसते. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला तर तो सकाळच्या उठण्यात दिसेल: लवकर उठणं, लंगडणं कमी, जिन्यावर दोन्ही मागचे पाय एकदम न उचलता एकेक टाकणं. फरक नसेल तर तो मालिशीचा दोष मानून जोर वाढवू नका, औषधाचा विचार करा. मागचा पंजा उलटा टेकवत चालायला लागला, नखांचे पुढचे भाग घासलेले दिसले, मागचे पाय एकाएकी लुळे पडले किंवा लघवी अडली, तर ती सांधेदुखी नव्हे, ते मज्जातंतूंचं दुखणं असतं. अशा वेळी कुठेही न चोळता, न दाबता, फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर सपाट ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात आणा.